मनाई आणि मुभा : कॅनडाचा मत्स्यव्यवसाय कायदा आणि औद्योगिक प्रदूषण

पाणी दूषित होऊ नये म्हणून शासन जे कायदे करते त्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. एका प्रकारात कारखान्याने कोणते द्रव्य किती प्रमाणात नदीत सोडावे याचा परवाना दिला जातो आणि परवान्याची मर्यादा ओलांडणे हा गुन्हा ठरतो. दुसऱ्या प्रकारात अपायकारक द्रव्य पाण्यात जाऊ देणे हाच गुन्हा मानला जातो आणि ते सोडण्याची मुभा हवी असेल तर ती अपवाद म्हणून वेगळी मिळवावी लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७२ साली झालेल्या स्वच्छ जल कायद्याचे मूळ वाक्य मनाईचे असले तरी त्याची सारी यंत्रणा परवान्यांभोवती उभी आहे. शेजारच्या कॅनडाने मात्र या कामासाठी एक फार जुना आणि वरकरणी या विषयाशी दूरचा वाटणारा कायदा हाती घेतला, तो म्हणजे १८६८ सालचा मत्स्यव्यवसाय कायदा. त्याच्या आजच्या छत्तिसाव्या कलमाचे तिसरे उपकलम सांगते की, जेथे मासे वावरतात अशा पाण्यात, किंवा जेथून ते अशा पाण्यात पोचू शकेल अशा कोणत्याही जागी, कोणीही कोणत्याही प्रकारचे अपायकारक द्रव्य टाकू नये अथवा टाकू देऊ नये. इतक्या थोड्या शब्दांत इतकी व्यापक मनाई करणारे कलम प्रदूषणविषयक कायद्यांत विरळाच आढळते. आणि तरीही हाच कायदा लागू असताना कॅनडातील नद्यांत पारा, सेलेनियम आणि खाणींचा गाळ मिसळत राहिला. या विसंगतीचे कारण कलमाच्या दुबळेपणात सापडत नाही. मनाईला दिलेल्या मुभा, हानी मोजण्यासाठी निवडलेले माप आणि अंमलबजावणीतील विलंब या तीन ठिकाणी ते सापडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पाण्याच्या रक्षणासाठी माशाचा आधार का घ्यावा लागला, हे समजण्यासाठी कॅनडाची राज्यघटना पाहावी लागते. १८६७ साली ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायद्याने हे संघराज्य अस्तित्वात आले, तेव्हा सत्तेची वाटणी करताना जमीन, जंगल आणि खनिजे यांची मालकी व मालमत्तेविषयीचे कायदे प्रांतांकडे गेले, तर समुद्रकिनाऱ्यावरील आणि देशांतर्गत मत्स्यव्यवसाय हा विषय संघसंसदेकडे आला. त्या दस्तऐवजात पर्यावरण हा विषय कोठेच नाही, कारण त्या काळी तशी स्वतंत्र कल्पनाच रूढ नव्हती. परिणामी नदीकाठची खाण प्रांताची, तिच्या उत्पन्नातला स्वामित्वाचा वाटा प्रांताचा, पण नदीतल्या माशांचे रक्षण संघाचे, अशी विभागणी झाली. संघसरकारला नदीच्या काठावर उभे राहून कारखानदाराला जाब विचारायचा असेल, तर त्याच्या हाती असलेला सर्वांत भक्कम घटनात्मक आधार मासा हाच होता. पुढे १९८८ मध्ये समुद्री प्रदूषणाच्या आणि १९९७ मध्ये विषारी द्रव्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने संघाचे इतर अधिकारही मान्य केले. तरी अंतर्गत नद्या-सरोवरांच्या बाबतीत मत्स्यव्यवसाय कायद्याचे स्थान अढळ राहिले.

मनाई आणि मुभा यांची जोडी या कायद्यात जन्मापासूनच आहे. १८६८ च्या मूळ कायद्याने चुना, रासायनिक द्रव्ये, विषारी पदार्थ आणि कुजलेले मासे पाण्यात टाकण्यास बंदी केली, तशीच लाकूड कापणाऱ्या गिरण्यांचा भुसा ओढ्यांत सोडण्यासही केली. त्या काळी लाकूड हा कॅनडाचा प्रमुख उद्योग होता आणि भुशाचे थर नदीच्या तळाशी बसून माशांची अंडी घालण्याची जागा बुजवीत होते, त्यामुळे बंदीचे प्रयोजन स्पष्ट होते. पण त्याच कलमात, ज्या ओढ्याच्या बाबतीत बंदी लोकहितासाठी आवश्यक वाटणार नाही, तो ओढा बंदीतून वगळण्याचा अधिकार मंत्र्याला दिलेला होता. लोकहित म्हणजे काय, हे ज्याला वजनदार गिरणीमालकांचे म्हणणे रोज ऐकून घ्यावे लागते अशा मंत्र्याने ठरवायचे असेल, तर निर्णय कोणत्या बाजूला झुकेल हे सांगण्यासाठी फार अभ्यास लागत नाही. ओटावा नदीतला भुशाचा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चिघळत राहिला, तोही देशाच्या राजधानीच्या अगदी दारात. पुढच्या दीडशे वर्षांत द्रव्ये बदलली, उद्योग बदलले, पण मनाई कायद्यात आणि मुभा मंत्रालयात ही रचना कायम राहिली.

तरीही मनाईचे सामर्थ्य कमी लेखता येणार नाही, आणि ते न्यायालयांनी वेळोवेळी उलगडून दाखविले आहे. १९८० साली सर्वोच्च न्यायालयापुढे या कायद्यातली दोन उपकलमे आली. फाउलर खटल्यात ओंडके ओढून नेताना ओढ्यात पडणाऱ्या फांद्या-बुंध्यांच्या कचऱ्यावर बंदी घालणारे उपकलम न्यायालयाने रद्द ठरविले, कारण त्या कचऱ्याने माशांना अपाय होतो की नाही याचा त्यात उल्लेखच नव्हता आणि म्हणून ते मत्स्यव्यवसायाच्या विषयात बसत नव्हते. नॉर्थवेस्ट फॉलिंग या दुसऱ्या खटल्यात मात्र डिझेल सांडल्याबद्दल लावलेले, अपायकारक द्रव्यांना मनाई करणारे उपकलम न्यायालयाने वैध ठरविले, कारण त्याची व्याख्याच माशांना होणाऱ्या अपायाशी जोडलेली होती. या दोन निर्णयांतून एक महत्त्वाचे तत्त्व निघते : माशाशी असलेले नाते हे या कायद्याचे बंधनही आहे आणि बळही आहे. २००४ मध्ये ऑन्टारिओच्या अपील न्यायालयाने किंग्स्टन शहराच्या जुन्या कचरा-भूमीतून नदीत झिरपणाऱ्या द्रवाविषयी निकाल देताना आणखी स्पष्ट केले की, नदीचे सगळे पाणी घातक झाले हे सरकार पक्षाने सिद्ध करण्याची गरज नाही. जे द्रव्य सोडले ते पाण्यात मिसळल्यास माशांना अपायकारक ठरण्याजोगे आहे, एवढे दाखविले म्हणजे पुरे. नदी मोठी आहे, विष विरून जाईल, हा प्रदूषकाचा जुना युक्तिवाद या भूमिकेने निकामी होतो.

या जोडीला सिद्धतेचा भार कोणावर, हा प्रश्नही कॅनडाच्या न्यायशास्त्राने विचारपूर्वक सोडविला आहे. १९७८ मध्ये सू सेंट मेरी शहराच्या खटल्यात, जो प्रांतिक जलकायद्याखालचा होता, सर्वोच्च न्यायालयाने कठोर दायित्वाचे तत्त्व मांडले. कठोर दायित्व याचा अर्थ असा की, सरकार पक्षाला आरोपीचा हेतू सिद्ध करावा लागत नाही, कृत्य घडले हे दाखविले की पुरते. मात्र आपण शक्य ती सर्व दक्षता घेतली होती हे दाखवून आरोपी सुटू शकतो. प्रदूषणासारख्या गुन्ह्यात हे तत्त्व न्याय्य आहे, कारण कारखान्याच्या भिंतीआड कोणती झडप कोणी उघडली आणि ती का उघडली, याची माहिती कारखान्याकडेच असते, नदीकाठच्या कोळ्याकडे किंवा सरकारी निरीक्षकाकडे नसते.

संघीय कायद्याची गरज काय, प्रांत आपापल्या नद्या सांभाळू शकत नाहीत काय, असा आक्षेप कॅनडात सतत घेतला जातो. एकाच खाणीला प्रांताचाही परवाना हवा आणि संघाचेही नियम पाळायचे, यात वेळ व पैसा वाया जातो, शिवाय स्थानिक परिस्थिती दूरच्या राजधानीपेक्षा प्रांताला अधिक कळते, असे हा आक्षेप सांगतो, आणि त्यातला दुसरा मुद्दा अनेकदा खराही असतो. त्याला मिळालेले सर्वांत कठोर उत्तर मात्र पाऱ्याच्या इतिहासातून आले. वायव्य ऑन्टारिओतील ड्रायडन येथे कागदाचा लगदा विरंजित करण्यासाठी लागणारे क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा तयार करणाऱ्या कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात सुमारे नऊ ते दहा टन पारा वाबिगून नदीत सोडला. नदीच्या तळाच्या गाळातील सूक्ष्मजीव या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो शेवाळापासून किड्यांत, किड्यांपासून लहान माशांत आणि लहान माशांपासून मोठ्या शिकारी माशांत साचत जातो आणि अखेर मासे खाणाऱ्या माणसाच्या मज्जासंस्थेवर आघात करतो. खालच्या अंगाला राहणाऱ्या ग्रासी नॅरोज आणि वाबासीमूंग या अनिशिनाबे समाजांचे अन्न आणि रोजगार दोन्ही माशांवर अवलंबून होते. १९७० मध्ये मासेमारी बंद झाली, तेव्हा पूर्वजांपासून चालत आलेला आहारही गेला आणि उपजीविकाही गेली. १९७५ मध्ये जपानमधील मिनामाता रोगाचे अभ्यासक डॉ. मासाझुमी हारादा तेथे आले आणि तेथील लोकांत त्यांना त्याच रोगाची लक्षणे आढळली.

हे पाणी ऑन्टारिओच्या सीमेपाशी थांबत नाही, ते मॅनिटोबा प्रांतात जाते. मॅनिटोबाने आपल्या मच्छीमारांना मदत दिली आणि ती रक्कम वसूल करण्यासाठी १९७० मध्ये कायदा करून ड्रायडनचा कारखाना आणि सस्कॅचेवानमधील तशाच दुसऱ्या कारखान्यावर दावा लावला. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, दुसऱ्या प्रांतात, तेथील परवान्याने झालेल्या कृतीला बेकायदा ठरविण्याचा अधिकार मॅनिटोबाला नाही. या निकालाचा व्यावहारिक अर्थ भेदक आहे. ज्या प्रांतात विष सोडले जाते त्याला कारखान्याचे कर व रोजगार मिळतात, ज्या प्रांतात ते पोचते त्याला मेलेले मासे आणि आजारी माणसे मिळतात, आणि दुसऱ्याला पहिल्यावर कायद्याचा हात टाकता येत नाही. ही दरी भरून काढू शकणारी सत्ता एकच उरते, ती संघाची. संघीय कायद्याला अनावश्यक द्विरुक्ती म्हणणारे, प्रांत हा नदीचा केवळ रक्षक नसून खनिजांचा मालकही आहे, आणि रक्षकाचे काम एकट्या मालकाकडे सोपविणे धोक्याचे असते, ही साधी गोष्ट नजरेआड करतात.

नियम ठाम असले की उद्योग कोलमडतो, हे विधानही कॅनडाच्या अनुभवाला धरून नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर लगदा-कारखान्यांजवळच्या खेकड्या-कोळंब्यांत डायॉक्सिन हे अतिविषारी द्रव्य आढळल्यामुळे १९८८ पासून हाउ साउंडसारख्या खाड्यांतील मासेमारी बंद करावी लागली होती. डायॉक्सिन तयार होण्याचे कारण विरंजनासाठी वापरला जाणारा क्लोरीन वायू हे होते. १९९२ मध्ये संघसरकारने डायॉक्सिनवर स्वतंत्र नियम केले आणि मत्स्यव्यवसाय कायद्याखालचे लगदा व कागद उद्योगाचे १९७१ चे नियमही कडक करून सर्व कारखान्यांना लागू केले. कारखान्यांनी क्लोरीनऐवजी क्लोरीन डायॉक्साइड वापरण्यास सुरुवात केली आणि जैविक शुद्धीकरणाची केंद्रे बांधली; सांडपाण्यातील, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले आणि बंद खाड्यांपैकी अनेक टप्प्याटप्प्याने पुन्हा खुल्या झाल्या. नियम स्पष्ट होता, सर्वांना सारखा होता आणि त्याची मुदत ठरलेली होती, म्हणून तो पाळला गेला, हा या प्रकरणाचा धडा आहे.

पण याच कायद्याच्या मुभांनी उलट दिशेलाही वाट करून दिली आहे. छत्तिसाव्या कलमाचे चौथे उपकलम असे सांगते की, शासनाने केलेल्या नियमांनी ज्या द्रव्याला, ज्या प्रमाणात व ज्या जागी परवानगी दिली आहे, तेथे मनाई लागू होत नाही. या अधिकाराखाली धातूंच्या खाणींसाठी २००२ मध्ये केलेल्या नियमांना एक परिशिष्ट जोडलेले आहे. खनिज दळून त्यातला धातू काढून घेतल्यावर जी बारीक भुकटी पाण्याबरोबर गाळ होऊन उरते, तिच्यात अनेकदा आर्सेनिकसारखी द्रव्ये आणि आम्ल निर्माण करणारी गंधकयुक्त खनिजे असतात. हा गाळ साठविण्यासाठी ज्या नैसर्गिक जलाशयांची नावे परिशिष्टात घातली जातात, ते कायद्याच्या दृष्टीने सरोवर राहत नाहीत, गाळाची साठवण होतात. न्यूफाउंडलंडमधील सँडी पाँड हा ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध असलेला तलाव असाच परिशिष्टात गेला, आणि २०१३ मध्ये फेडरल न्यायालयाने हे नियम कायद्याच्या चौकटीत बसतात असे ठरविले. न्यायालयाचा निर्णय कायद्याच्या शब्दांना धरून असेल. परंतु माशांच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याखालीच मासे असलेला तलाव यादीत नाव घालून नष्ट करता येत असेल, तर अपवादाने नियमालाच गिळले आहे असे म्हणावे लागते. नुकसानभरपाई म्हणून अन्यत्र अधिवास निर्माण करण्याची अट घातली जाते हे खरे, पण हजारो वर्षांत घडलेली सरोवराची परिसंस्था दुसरीकडे उभी करता येते हे गृहीतक अभियांत्रिकीला परवडणारे असले तरी जीवशास्त्राला मान्य होणारे नाही.

दुसरा प्रश्न मोजमापाचा आहे. लगद्याच्या आणि खाणींच्या सांडपाण्याची मुख्य कसोटी अशी : रेनबो ट्राउट जातीचे मासे अमिश्रित सांडपाण्यात ९६ तास ठेवायचे, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक मेले तर ते सांडपाणी तीव्र घातक समजायचे. ही कसोटी सोपी आहे, कोणत्याही प्रयोगशाळेत सारखीच करता येते आणि न्यायालयात टिकते, म्हणून तिचे मोल आहे. परंतु कायद्याच्या दुसऱ्या कलमात मासा या शब्दाची जी व्याख्या आहे तीत अंडी, शुक्र, अळ्या आणि पिल्ले यांचाही समावेश होतो, आणि अपायकारक द्रव्याच्या व्याख्येत माणसाने मासे उपयोगात आणण्यास बाधा आणणारे द्रव्यही मोडते. म्हणजे कायदा माशाचे संपूर्ण जीवनचक्र आणि तो खाणारा माणूस या दोघांकडे पाहतो, तर कसोटी चार दिवस जिवंत राहण्याकडे पाहते. ड्रायडनचा पारा या कसोटीला लागला असता तर कदाचित निसटलाही असता, कारण तो माशाला चार दिवसांत मारत नाही, माशात साठतो. सेलेनियमचेही तसेच आहे : तो मादीच्या शरीरातून अंड्यांत उतरतो आणि पिल्ले व्यंग घेऊन जन्मतात, मादी मात्र पोहत राहते.

या उणिवेची जाणीव कॅनडाच्या शास्त्रज्ञांना फार पूर्वी झाली, आणि तिच्यावर उपाय शोधण्याची अपूर्व सोयही त्या देशात होती. केनोराजवळ, ड्रायडनच्याच परिसरात, १९६८ पासून काही लहान सरोवरे प्रयोगांसाठी राखून ठेवण्यात आली. तेथे डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण सरोवरात फॉस्फरस सोडून शेवाळ माजण्याचे मूळ कारण दाखविले. पुढे २००१ ते २००३ या काळात कॅरन किड यांच्या गटाने एका सरोवरात संततिनियमनाच्या गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरक लिटरमागे केवळ काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागाच्या हिशोबात, मिसळले आणि एका लहान माशाची संख्या जवळजवळ संपुष्टात आली. ज्या प्रमाणाने चार दिवसांत कोणताही मासा मरणार नाही, ते प्रमाण काही वर्षांत एक पिढीच पुसून टाकू शकते, हे या प्रयोगाने निर्विवाद दाखविले. १९९२ च्या नियमांत नदीतल्या माशांची वाढ, यकृत आणि जननग्रंथी यांची ठरावीक काळाने पाहणी करण्याची सक्ती आली होती ती, या प्रयोगाच्याही आधी, याच उणिवेच्या जाणिवेतून. मात्र अशा पाहणीत बिघाड दिसला तरी तो आपोआप गुन्हा ठरत नाही, आणखी अभ्यास करण्याचे कारण तेवढे ठरतो. व्याख्या आणि कसोटी यांच्यातले हे अंतर मिटविणे हे आजचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

राजकीय इच्छाशक्ती किती बदलू शकते याचे उदाहरण २०१२ साली दिसले. १९७७ मध्ये या कायद्यात माशांच्या अधिवासाला हानी पोचविणाऱ्या, त्यात बदल करणाऱ्या वा तो नष्ट करणाऱ्या कामांना मनाई करणारे कलम आले होते. चारशेहून अधिक पानांच्या अर्थसंकल्पीय विधेयकात घालून ते २०१२ मध्ये बदलण्यात आले, आणि रक्षण केवळ व्यापारी, हौशी किंवा मूळनिवासी मासेमारीशी निगडित माशांपुरते, तेही गंभीर हानीपुरते मर्यादित झाले. मत्स्यव्यवसाय खात्याच्या चार माजी मंत्र्यांनी, ज्यांत दोघे कॉन्झर्व्हेटिव्ह परंपरेतले आणि दोघे लिबरल पक्षाचे होते, एकत्र येऊन या बदलाला जाहीर विरोध केला. त्याच वर्षी प्रायोगिक सरोवरांचा संघीय निधीही थांबविण्याचा निर्णय झाला. सरोवरे पुढे एका स्वतंत्र संस्थेकडे गेली आणि २०१९ च्या दुरुस्तीने अधिवासाचे रक्षण सर्व माशांसाठी पुन्हा लागू झाले, शिवाय निर्णय घेताना मूळनिवासी समाजांच्या हक्कांवर होणारा परिणाम विचारात घेणे मंत्र्यावर बंधनकारक झाले. पण जे रक्षण एका विधेयकाने जाते आणि दुसऱ्याने परत येते, त्याच्या भरवशावर पन्नास वर्षे चालणाऱ्या खाणीचा विचार करता येत नाही.

तिसरा आणि सर्वांत दुखरा भाग अंमलबजावणीचा. दंडाच्या तरतुदी आता लहान नाहीत : मोठ्या कंपनीला पहिल्याच गंभीर गुन्ह्यासाठी पाच लाख ते साठ लाख डॉलर दंड होऊ शकतो आणि गुन्ह्याचा प्रत्येक दिवस वेगळा मोजला जातो. २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या एल्क खोऱ्यातील टेक कंपनीच्या कोळसा खाणींनी फोर्डिंग नदीत सेलेनियम व कॅल्साइट सोडल्याची कबुली दिली, तेव्हा या कायद्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा, सहा कोटी डॉलरचा दंड झाला. परंतु तो गुन्हा २०१२ सालचा होता, दगडांच्या ढिगांतून सेलेनियम झिरपणे निकालानंतरही चालूच राहिले, आणि कोळसा खाणींसाठी स्वतंत्र संघीय सांडपाणी-नियम दीर्घकाळ मसुद्याच्या पातळीवरच होते. हेच पाणी सीमा ओलांडून अमेरिकेच्या मोंटाना राज्यात जाते, म्हणून १९०९ च्या सीमाजल कराराखालच्या संयुक्त आयोगाकडे २०२४ मध्ये हा प्रश्न सोपवावा लागला. माउंट पॉली खाणीचा बांध ४ ऑगस्ट २०१४ रोजी फुटून सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी व गाळ हेझेल्टिन ओढ्यातून केनेल सरोवरात, जे सॅमन माशांच्या पिल्लांचे मोठे आश्रयस्थान आहे, जाऊन पडले. खाण-उद्योगावर लक्ष ठेवणाऱ्या एका संस्थेने २०१६ मध्ये दाखल केलेली खासगी फिर्याद सरकारी वकिलांनी पुढे चालू दिली नाही, आणि संघसरकारने या कायद्याखाली आरोप ठेवले ते डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. सामान्य नागरिकाला फिर्याद करता यावी आणि ती यशस्वी झाल्यास दंडाचा अर्धा भाग त्याला मिळावा, अशी उत्तम तरतूद या कायद्याखालच्या नियमांत आहे. पण फिर्याद थांबविण्याचा अधिकार शासनाकडे राहिल्यामुळे तिची धार बोथट होते.

याच्या उलट बाजूला एक वस्तुस्थिती ठेवून पाहावी. कॅनडाच्या मूळनिवासी हक्कांचा पाया घालणारा १९९० चा स्पॅरो निर्णय ज्या खटल्यातून आला, तो मत्स्यव्यवसाय कायद्याखालचाच होता : मस्क्वियम समाजातील एका मच्छीमाराने परवान्यापेक्षा लांब जाळे वापरले, हा त्याचा गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या समाजाचा मासेमारीचा हक्क घटनात्मक असल्याचे मान्य केले, हे त्या न्यायालयाचे भूषण आहे. पण जो कायदा जाळ्याची लांबी मोजण्यास तत्पर असतो, त्याने बांध फुटल्यावर आरोप ठेवायला दहा वर्षे घ्यावीत, यात कायद्याचा दोष कमी आणि तो कोणावर आधी चालवायचा या निवडीचा दोष अधिक आहे.

भारतीय, आणि विशेषतः महाराष्ट्रीय, वाचकाला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. भारताच्या घटनेत पाणी आणि मत्स्यव्यवसाय हे मुख्यतः राज्यांचे विषय आहेत, म्हणून संसदेला १९७४ चा जलप्रदूषण कायदा राज्यांच्या ठरावांच्या आधाराने करावा लागला. महाराष्ट्राने तर त्याआधीच १९६९ मध्ये आपला स्वतंत्र कायदा केला होता. सांडपाण्याच्या भारतीय मानकांतही माशांची ९६ तासांची कसोटी आहे, आणि तीत निम्मे नव्हे तर ९० टक्के मासे जगले पाहिजेत, अशी कॅनडापेक्षा कडक अट आहे. तरीही लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षे मासे मेल्याची तक्रार घेऊन दारोदार फिरतात. नियमातला आकडा कितीही कडक असला तरी नमुना कोण घेतो, केव्हा घेतो, आणि दोष आढळल्यावर किती दिवसांत कारवाई होते, यावर नदीचे आरोग्य ठरते. दोन्ही देशांचा अनुभव याबाबतीत एकच साक्ष देतो.

म्हणून सुधारणेची दिशा नवे भव्य कायदे करण्याची नाही, जी मनाई आधीच लिहिलेली आहे तिला तिचा पूर्ण अर्थ देण्याची आहे. नैसर्गिक जलाशय गाळाच्या साठवणीसाठी देण्याची मुभा काढून घ्यावी, आणि इतर मुभा मुदतीच्या व संसदेपुढे कारणे मांडून दिलेल्या असाव्यात. कसोटी अंड्यापासून माणसाच्या ताटापर्यंतच्या हानीची असावी, आणि नदीतल्या माशांत बिघाड आढळल्यावर तो आपल्यामुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सांडपाणी सोडणाऱ्यावर असावा. मोठ्या दुर्घटनेनंतर आरोप ठेवायचे की नाही याचा निर्णय ठरलेल्या मुदतीत कारणांसह जाहीर व्हावा, आणि नागरिकाची फिर्याद थांबविताना शासनाने न्यायालयाला उत्तर द्यावे. नदीकाठच्या मूळनिवासी समाजांना पाहणीत आणि निर्णयात केवळ सल्लागार म्हणून न बसवता अधिकाराने बसवावे, कारण पाण्यातला बदल सर्वांत आधी त्यांच्या जाळ्यात आणि त्यांच्या शरीरात दिसतो. यातली प्रत्येक गोष्ट खर्चाची आहे हे खरे. पण वाबिगून नदीच्या सफाईसाठी ऑन्टारिओने २०१७ मध्ये साडेआठ कोटी डॉलर देऊ केले, ते पारा सोडण्यास सुरुवात झाल्यानंतर अर्धशतक उलटून गेल्यावर, आणि त्या पैशाने गेलेल्या दोन पिढ्यांचे आरोग्य परत येत नाही. प्रदूषणाचा खर्च टळत नसतो, तो केवळ कोणी आणि केव्हा भरायचा एवढेच कायदा ठरवीत असतो. ज्याने नफा घेतला त्याने तो वेळेवर भरावा, ही मागणी न्यायाची किमान मागणी आहे, आणि १८६८ पासून पुस्तकात असलेली मनाई ती पूर्ण करण्यास समर्थ आहे.